भावाच्या वाटचा घाम

"ढब्बे, तुझं वजन अजून तेवढंच हाय न्हवं?"

सहा वर्षांनी सख्ख्या भावाचा फोन आला आणि त्याचं पहिलं वाक्य हे. मी फवारणीच्या एका ड्रोनचं पोट उघडून बसले होते. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, कारण तो हातात असताना दादाशी बोलणं बरं नव्हे.

"वाढलंय," मी म्हटलं. "का? कापून विकायचंय?"

"वाढलंय? मग तर बरंच झालं," तो म्हणाला. माझ्या वजनावर तो खूश झाल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

माझं नाव तेजस्विनी. सांगली-तासगाव रस्त्यावर माझं दुकान आहे. द्राक्षबागांवर औषध मारणारे ड्रोन मी दुरुस्त करते. दादा म्हणजे धैर्यशील, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याचं सांगलीच्या विश्रामबागेत फर्निचरचं मोठं दुकान. मी बालवाडीत असताना त्यानं माझं नाव ढब्बी ठेवलं आणि ते जन्मभर पुरवलं. तो स्वतः काही कमी जाड नव्हता. पण मुलाच्या अंगावर चढतं ती तब्येत आणि मुलीच्या अंगावर चढते ती चरबी, हा आमच्या घरचा कायदा होता.

सहा वर्षांपूर्वी माझा साखरपुडा ठरला होता. पाहुण्यांनी हॉल भरलेला. मला बसवायला पाट मांडला तेव्हा दादा सगळ्यांदेखत ओरडला, "एक पाट पुरायचा न्हाय हिला, दोन जोडा!" लोक हसले. सगळ्यात जास्त हसला तो नवरदेव. मी पाटावर न बसता तशीच वळले आणि नेसत्या शालूवर रिक्षात बसून घरी आले. लग्न मी मोडलं. आईच्या मते ते माझ्या वजनानं मोडलं. त्या दिवसानंतर मी दादाचा उंबरा ओलांडला नाही.

आणि आता त्याला माझं वजन हवं होतं.

*

मिरजेच्या मधुमेह केंद्रात डॉक्टर तांबोळींनी मला समोर बसवून सगळं समजावलं. बाई चाळिशीच्या, बोलायला स्पष्ट, उगाच गोड नाहीत. मला तिथे आवडलेली ती पहिली गोष्ट.

"जेवल्यावर रक्तात साखर येते," त्या म्हणाल्या. "ती उचलायचं मोठं काम स्नायूंचं. इन्सुलिन त्यांच्या दाराशी जाऊन बेल वाजवतं, मग दार उघडतं आणि साखर आत जाते. पण वजन वाढून स्नायूंत चरबीचे बारीक थेंब साठले, की बेल वाजते आणि आत ऐकू जात नाही. शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं. बेल वाजवणाऱ्यांची गर्दी होते आणि साखर बाहेर ती बाहेरच. हा इन्सुलिनरोध. तुम्हाला आहे. मानेवरचा हा काळा पट्टा त्याचीच खूण."

माझा हात मानेकडे गेला. तो पट्टा मळ आहे असं समजून आई मला दर रविवारी लिंबानं आणि दह्यानं घासायची. कातडी लाल होईपर्यंत घासायची. दादा दाराशी उभा राहून बघायचा.

"व्यायामानं काय होतं?" मी विचारलं.

"काम करणारा स्नायू बेलची वाटच बघत नाही, आतूनच दार उघडतो. एकदा व्यायाम केला तर ते एक-दोन दिवस टिकतं, मग ओसरतं. महिनोन्महिने करत राहिलं तर बेलही पुन्हा ऐकू यायला लागते. वजन फारसं उतरलं नाही तरीसुद्धा."

इथवरचं आमच्या आज्याच्या काळातल्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. नवं होतं ते पुढचं. काम करणारा स्नायू रक्तात अगदी सूक्ष्म पुड्या सोडतो आणि त्या पुड्यांत बाकीच्या स्नायूंसाठी निरोप असतात. या पुड्या एकाच्या रक्तातून काढून दुसऱ्याला दिल्या, तर त्याचे स्नायूही न हलता जागे होतात. परक्याच्या पुड्या शरीर मारून टाकतं. म्हणून दाता जवळचा लागतो, शक्यतो सख्खा भाऊ किंवा बहीण. आणि खरी गंमत अशी, की कसलेल्या पहिलवानाच्या रक्तात हे निरोप फारसे सापडत नाहीत. सवय झालेला स्नायू गप्प असतो. सगळ्यात जास्त बोलतं ते जाड, रोध असलेलं आणि नुकतंच व्यायामाला लागलेलं शरीर.

"म्हणजे मी जाड आहे म्हणून कामाची?"

"शास्त्राच्या भाषेत, होय," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या.

दादाच्या पायाला जखम होती आणि ती भरत नव्हती. वर मागच्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. इन्सुलिनचे डोस वाढवून वाढवून डॉक्टर थकले होते. स्वतः व्यायाम करावा तर जखम चालू देत नव्हती आणि हृदयाला झेपत नव्हतं. साखर आटोक्यात आली नाही तर गुडघ्याखालून पाय काढावा लागणार होता.

"तुमच्या रक्तातून काढलेला हा पुड्यांचा रस म्हणजे काही काळाची सोय," डॉक्टर म्हणाल्या. "जखम भरली, हृदय सावरलं, की त्यांना स्वतः व्यायामाला लागावंच लागेल."

एव्हाना जिल्ह्यात हे प्रकार घरोघरी सुरू झाले होते. वर्षानुवर्षं तोंड न बघितलेल्या जाड बहिणींना अचानक माहेरची आमंत्रणं येऊ लागली होती. लग्नाच्या जाहिरातींत 'वधूस स्थूल भावंडे आहेत' असं छापून यायचं. सकाळ-संध्याकाळ जिममध्ये जाणाऱ्या सडपातळ भावांना मात्र घरात कुणी विचारेना.

मी हो म्हटलं. प्रेमापोटी म्हटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आई फोनवर रडली हे एक कारण. दुसरं कारण असं, की दादानं माझ्यापुढे हात पसरलेला मला बघायचा होता.

*

व्यायाम सुरू झाला तेव्हा मी दादाला इतक्या शिव्या घातल्या, की केंद्रातल्या शिकवणाऱ्या बाईंनी मला कोपऱ्यातली सायकल दिली. सायकल, मग वजनं, मग खुर्चीत बसणं-उठणं, पुन्हा बसणं-उठणं. मांड्या पेटायच्या. पायरी चढताना मी कठड्याला धरून दादाचं नाव घ्यायची, देवाचं नव्हे.

पहिल्यांदा रस काढायचा दिवस नेमका श्रावणी सोमवारी आला. आदल्या दिवशी आईचा फोन.

"तेजू, उद्याचा सोमवार धर. भावाच्या पायासाठी. येवढं माझ्यासाठी कर."

मी दिवसभर उपास केला. केंद्रात जायच्या आधी आई रिक्षानं डबा घेऊन आली. साबुदाण्याची खिचडी तुपात न्हालेली, वर दाण्याचं कूट, सोबत तळलेले वडे आणि बटाट्याचा कीस. उपासाला चालतं ते सगळं. मी उपाशी होते, चाटूनपुसून खाल्लं. तासाभरानं केंद्रात माझं रक्त यंत्रातून फिरलं आणि पिशवीत जो रस उतरला तो दुधासारखा पांढरा होता. निवळ पिवळा यायला हवा होता.

डॉक्टर तांबोळींनी पिशवी उजेडात धरली. "काय खाल्लंत?"

"काही नाही. उपास होता."

"उपासाला काय खाल्लंत?"

मी सांगितलं. त्या खुर्चीतच बसल्या. "अहो, ही सगळी चरबी रक्तात तरंगतेय. यातल्या पुड्या वेगळ्या काढताच येणार नाहीत. कुणासाठी केलात उपास?"

"भावासाठी."

"मग आज भाऊच उपाशी राहिला," त्या म्हणाल्या आणि पिशवी कचऱ्यात टाकली.

दादानं त्या दिवशी फोनवर मला जे सुनावलं त्यात खादाड हा सगळ्यात सौम्य शब्द होता. खिचडी आईनं आणली होती हे मी सांगितलं. आई शेजारीच उभी असणार. ती गप्प राहिली.

*

पुढच्या खेपेपासून रस स्वच्छ उतरला. दादाला तो चढवताना मी समोरच बसायची. तसा काही नियम नव्हता, मी मुद्दाम बसायची.

"जरा तेलकट वाटतंय," दादा नळीकडे बघून म्हणायचा.

"काढून घेऊ का परत?"

"तुझ्यासारखं ढब्बं न्हाय न्हवं व्हायचं यानं?"

"तू आधीच हायस. तुझ्या दुकानातल्या तिजोरीला पण तुझ्यापेक्षा कंबर हाय."

नर्स हसू दाबत बाहेर जायची. आम्ही दोघं हसत नव्हतो.

पण रस लागू पडला. दादाची साखर उतरू लागली, जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. दिवाळीपर्यंत जखम मिटली. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं आणि त्यानं तबकात एक ड्रेस ठेवला. दुकानात मिळणारं सगळ्यात मोठं माप.

"बसंल का बघ," तो म्हणाला.

आणि माझं काय झालं? वजन म्हणाल तर किलो-दोन किलो उतरलं असेल. रस्त्यावर बघणाऱ्याला मी तीच ढब्बी. पण दुपारी जेवल्यावर जी झापड यायची, ती गेली. औषधानं भरलेली ड्रोनची टाकी उचलायला मला शेजारच्या गॅरेजमधून कुणाला तरी हाक मारावी लागायची, ती मी एकटी उचलून टेबलावर ठेवू लागले. एका सकाळी आरशात पाहिलं तर मानेवरचा पट्टा फिका झाला होता. थोड्या दिवसांनी तो दिसेनासाच झाला. लिंबू नाही, दही नाही. मी आरशासमोर उभी राहून रडले. जन्मभर ज्याला लोकांनी मळ म्हटलं तो मळ नव्हताच, आणि तो माझ्या स्वतःच्या घामानं गेला होता. एवढा आनंद मला त्या मोडलेल्या साखरपुड्याच्या आधी तरी कधी झाला होता का, आठवत नाही.

*

गुढीपाडव्याच्या सुमारास रसाचा जोर कमी झाला.

डॉक्टर तांबोळींनी मला, दादाला आणि आईला एकत्र बसवलं. "तेजस्विनीताईंचं शरीर आता सुधारलंय," त्या म्हणाल्या. "बदल पूर्ण झाला, त्यामुळे त्यांचे स्नायू गप्प होत चाललेत. यापुढे दोन रस्ते आहेत. धैर्यशीलराव, तुमची जखम भरली आहे, हृदय बऱ्यापैकी सावरलंय. तुम्ही स्वतः चालायला, बसायला-उठायला सुरुवात करा. मी हेच सांगेन."

"आणि दुसरा?" दादानं विचारलं.

"काही घरांत करतात. दात्यानं व्यायाम सोडायचा, पूर्वीसारखं खायचं. रोध परत येतो. मग पुन्हा व्यायाम, पुन्हा रस. मला सांगावं लागतं म्हणून सांगतेय. मी हे सुचवत नाही."

दादानं फक्त दुसराच रस्ता ऐकला. तो खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे बघत होता. दुकानात लाकूड निवडताना बघतो, तसं.

"तुला काय जड हाय त्यात, ढब्बे? खायचं आणि बसायचं. येतंयच की तुला."

दुसऱ्या दिवसापासून आई डबे घेऊन यायला लागली. डिंकाचे लाडू, करंज्या, साजूक तुपातला शिरा. हीच आई लहानपणी माझ्या ताटातली दुसरी चपाती उचलून दादाच्या ताटात टाकायची. आता ती माझ्या दुकानात स्टुलावर बसून मी खाते की नाही ते बघायची. "जरा अंगाला लावून घे बाळा," म्हणायची. बाळा हा शब्द तिनं माझ्यासाठी पूर्वी कधी वापरलेला नव्हता, आणि मी त्याला भुलले. भूक लाडवांची नव्हती, त्या शब्दाची होती. मी व्यायाम सोडला.

काही आठवड्यांतच दुपारची झापड परत आली. टाकी पुन्हा जड झाली. एका ग्राहकाच्या ड्रोनची पाती मी उलटी बसवली आणि तो सरळ जाऊन विहिरीत पडला. रात्री पाय भरून यायचे आणि सकाळी उठावंसं वाटायचं नाही. आणि एक दिवस आई लाडू काढून देता देता थांबली, तिनं माझी वेणी बाजूला केली आणि मानेवरून बोट फिरवलं.

"आलं गं!" ती म्हणाली. "परत काळं आलं! देव पावला!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या बोटांनी तिनं ती मान लाल होईस्तोवर घासली होती, त्याच बोटांनी ती आता ती मान कुरवाळत होती. मी उठले, डब्याचं झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात दिला.

"आई, हा डबा दादाला दे. आणि त्याला सांग, माझ्याकडून आता एक थेंब मिळणार नाही."

"त्याचा पाय जाईल, तेजू."

"डॉक्टरांनी त्याला रस्ता दाखवलाय. त्यानं उभं राहावं."

"बहीण न्हाईस तू," आई म्हणाली. "वैरीण हायस."

"बरं," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात जाऊन सायकलवर बसले.

*

दादानं हट्टानं काही केलं नाही. विजेवर चालणारी चाकाची खुर्ची घेतली आणि दुकानामागच्या खोलीत मुक्काम ठोकला. मी नमेन याची तो वाट बघत होता. माझा शेवटचा रस कधीच ओसरला होता. पाऊसकाळात त्याच्या पायाचं एक बोट काळं पडलं आणि ते काढावं लागलं. आईनं ते मला फोनवर सांगितलं आणि फोन आपटला. मी त्या रात्री जेवले नाही. माझं चुकलं असं मात्र मला वाटलं नाही. ते आजही वाटत नाही.

टाके सुकले, खास बूट आला. डॉक्टर तांबोळींनी मला बोलावून सांगितलं, "आता झेपेल तेवढं चालणं, सोबत बसणं-उठणं. हृदयाची मी खात्री केलीय. ते करत नाहीत. आता पुढची पाळी पायाची आहे."

"माझ्याकडून काय पाहिजे?"

"रस नको," त्या म्हणाल्या. "तुमचं काही ऐकतात का ते?"

"आयुष्यात नाही," मी म्हटलं. "पण माझं बोललेलं त्यांना झोंबतं."

भाऊबीजेच्या सकाळी मी दुकानामागच्या त्याच्या खोलीत गेले. दादा पलंगावर बसला होता, खुर्ची शेजारी. आईनं माझ्याकडे पाठ केली.

"आलीस व्हय?" दादानं पाय वर उचलून बोट नसलेली जागा दाखवली. "हे बघ. हे तुझ्या नावावर."

"बाकीची चार कुणाच्या नावावर करायची?" मी विचारलं आणि त्याच्या चाकाच्या खुर्चीत बसले. छान मऊ होती. दांडा पुढे रेटला आणि ती घेऊन सरळ दुकानात निघून गेले.

"ए! खुर्ची आण इकडं! ढब्बे!"

मी सोफ्यांच्या रांगांमधून चालवत राहिले. मागे काहीतरी आपटलं, आई किंचाळली. मग घाईनं चढवलेल्या बुटांचा आवाज आला. दादा दारात उभा होता, चौकटीला धरून, लालबुंद. पहिल्या सोफ्यापर्यंत तो आला आणि मटकन त्यात बसला.

मी खुर्ची वळवून त्याच्यासमोर आणली, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर.

"एक सोफा पुरायचा न्हाय तुला," मी मोठ्यानं म्हटलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "दोन जोडू का?"

त्याला कळलं. सात वर्षं झाली होती, पण त्याला लगेच कळलं. तो सोफ्याच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठला आणि माझ्याकडे आला. मी खुर्ची पुढे घेतली. तो पुढच्या सोफ्यात बसला. मी पुन्हा वळले. त्या सकाळी दुकानातल्या त्या रांगेतल्या प्रत्येक सोफ्यावर तो बसला आणि प्रत्येकावरून उठला, आणि मी त्याला ते सगळं ऐकवलं जे त्यानं मला बालवाडीपासून ऐकवलं होतं. माझ्याकडे साठा भरपूर होता. शेवटी तो थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "उद्या ये परत. तुला दाखवतो."

"येते," मी म्हटलं.

तेव्हापासून मी रोज जाते. बहिणीच्या मायेनं जाते असं आई आता लोकांना सांगते. तसं नाही. मी त्याला बोलायला जाते. तो मला मारायला उठतो, आणि आता आम्ही दुकानातून बाहेर पडून रस्त्याच्या टोकापर्यंत जातो. मी पुढे, तो मागे, दोघांची तोंडं चालू. पाय शाबूत आहे. परवा डॉक्टर तांबोळींनी त्याचं रक्त तपासलं. म्हणाल्या, याचे स्नायू आता स्वतःच बोलायला लागलेत, आणि चांगले मोठ्यानं बोलतात. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानं माफी मागितलेली नाही.

हल्ली मला बेल वाजवावी लागत नाही. मी फाटकाशी पोचायच्या आत दार आतून उघडतं आणि तो बूट घालून उभा असतो.

"उशीर केलास, ढब्बे."

"चल, ढब्ब्या," मी म्हणते आणि चालू लागते.